केसाएवढी रेघ

लग्नपत्रिकेवर ‘कऱ्हाड’ हा एक शब्द छापायचा होता. या पुस्तकाची सुरुवात तिथे झाली.

मुलगी मूळच्या कऱ्हाडच्या, पण दोन पिढ्या कोलकात्यात मुरलेल्या घरातली, मुलगा बंगाली. पत्रिका तीन लिप्यांत. बेहाल्यातल्या एका लहानशा छापखान्यात मी त्या घरच्यांबरोबर ‘मराठी तपासायला’ म्हणून गेलो होतो. संगणकावर बसलेल्या मुलाने बांगला मजकूर झटक्यात लावला. वर ‘श्रीश्री प्रजापतये नमः’, शेजारी फुलपाखरू. बांगलात प्रजापती म्हणजे ब्रह्मदेवही आणि फुलपाखरूही. मराठीसाठी त्याने एक बारीक, वेलीसारखा वळणारा फॉन्ट काढला. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ त्यात खरोखर देखणी दिसली. मुलीची आई खूश. मग ‘कऱ्हाड’ आलं. त्या फॉन्टला ऱ्ह माहीतच नव्हता. आधी आख्खा र, त्याच्या पायाशी हलन्ताचं शेपूट आणि शेजारी ह. मुलाने दोनतीन युक्त्या केल्या, तेव्हा रफार चढून ‘कर्हाड’ झालं. ओळ भरत नव्हती म्हणून त्याने अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेघ जागोजागी फाटली. ‘इंग्रजीत तर आम्ही असंच करतो,’ तो म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं. इंग्रजीत असंच करतात.

शेवटी मी घरी येऊन तो शब्द बोरूने लिहिला, स्कॅन केला आणि पत्रिकेत चिकटवून दिला. छापून आल्यावर मुलीच्या आजोबांनी भिंग घेऊन फक्त तेवढाच शब्द पाहिला.

नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट हा विषय वरवर पाहता हौसेचा वाटतो. पत्रिका, अत्तराची बाटली, कॅफेचा फलक, कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ, फार तर सिनेमाची श्रेयनामावली. पण त्याच्या मुळाशी एक अडचणीचा प्रश्न आहे. हात चालतो तेव्हा अक्षर घडतं. फॉन्टमध्ये अक्षर आधीच घडून बसलेलं असतं. चालणाऱ्या हाताचं सोंग थांबलेल्या अक्षराने कसं आणायचं? मी ‘सोंग’ हा शब्द वाईट अर्थाने वापरत नाही. दशावतारातलं सोंगही सोंगच असतं, पण ते वठवावं लागतं.

युरोपात हा प्रश्न छपाईइतकाच जुना आहे. व्हेनिसच्या आल्डुस मानुशियसने 1501 साली तिरक्या, हाताच्या वळणाच्या खिळ्यांत पुस्तक छापलं. ते खिळे फ्रांचेस्को ग्रिफोने कोरले होते. 1557 मध्ये ल्यॉनला रोबेर ग्रांजोंने फ्रेंच कारकुनी वळणाचे खिळे पाडले, ते सिव्हिलिते नावाने ओळखले जातात. अठराव्या शतकात लंडनच्या जॉर्ज बिकमने ‘युनिव्हर्सल पेनमन’मध्ये तांब्याच्या पत्र्यावर खोदलेली लफ्फेदार अक्षरं छापली, आणि आज जगभर ‘लग्नाचं इंग्रजी अक्षर’ म्हणून जे चालतं त्याची आजी ती. पुढे खिळ्याच्या जागी फोटोची फिल्म आली. धातूच्या ठोकळ्याची भिंत गेल्यावर अक्षरं एकमेकांना बिनधास्त चिकटू लागली. मॅथ्यू कार्टरचा 1965 चा स्नेल राउंडहँड त्या सुटकेचा फॉन्ट. हेरमान त्सापफचा 1998 चा झाफिनो हा संगणकाच्या काळातला. त्यात एकाच अक्षराची अनेक रूपं आहेत आणि शेजारी कोण बसलंय ते बघून योग्य रूप निवडता येतं. लिहिणारा माणूस नकळत हेच करतो. त्याचे दोन ‘क’ कधी सारखे येत नाहीत.

हे सगळं लॅटिन लिपीचं. आपल्याकडे गाडी अडते ती इथून पुढे.

लॅटिन अक्षरं एकमेकांना जोडली जातात खालून, अक्षराच्या पोटाशी किंवा पायाशी. त्यांची सुंदर शेपटं खाली आणि उजवीकडे झुलतात, कारण तिथे जागा मोकळी असते. देवनागरी वरून टांगलेली असते. जोडणी आधीच शिरोरेघेत झालेली आहे. खालची जागा उकार, ऋकार आणि जोडाक्षरांच्या पायांनी व्यापलेली. तिथे इंग्रजी वळणाचं शेपूट लावलं की ‘क’ला ‘कु’ झाल्याचा भास होतो. नाजूक म्हणवणाऱ्या कितीतरी देवनागरी फॉन्टांत हा घोळ आहे, आणि वाचकाला तो सांगता येत नाही; त्याला फक्त वाचताना अडखळल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट जाड-बारीकची. इंग्रजी लफ्फेदार अक्षर टोकदार, लवचीक पोलादी निबने येतं. खाली ओढताना दाब द्यायचा, रेघ जाड. वर जाताना हात हलका, रेघ केसाएवढी. बोरू दाबाने फुलत नाही. त्याचं तोंड तिरपं कापलेलं असतं, आणि जाडी ठरते ती काप आणि हाताचा कोन यांवर. त्यातही देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूला असतो. त्यामुळे इंग्रजीत जी तिरकी रेघ बारीक पडते ती आपल्याकडे जाड, आणि आपली बारीक तिकडे जाड. दाबाचं गणित उचलून देवनागरीवर लावलं की केसाएवढी रेघ भलत्याच ठिकाणी येते. अक्षर नाजूक दिसण्याऐवजी अशक्त दिसतं. तलम आणि विरलेलं यांतला फरक धोतर नेसणाऱ्यांना एकेकाळी कळत असे.

मग आपलं असं धावतं वळण होतं की नाही? होतं, आणि चांगलं शतकानुशतकं होतं. मोडी.

मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतो. मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जातो. बोरू उचलायचा तो नाइलाज झाला तर. काना खालून वर वळसा घेऊन पुन्हा रेघेला भिडतो आणि पुढचं अक्षर तिथूनच सुटतं. शब्दाशब्दांत फट नाही, ऱ्हस्व-दीर्घाची चैन नाही. बालबोधात, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, याच्या बरोबर उलट: आधी अक्षरं, मग वर रेघ. शाळेत गुरुजी हेच शिकवत. रेघ आधी की रेघ नंतर, एवढ्या एका गोष्टीने दोन्ही लिप्यांचा स्वभाव ठरतो. ज्याने रेघ आधी ओढली त्याच्या हाताखाली दोरी आहे आणि तो तिच्यावरून पळतो; ज्याला ती शेवटी ओढायची आहे तो एकेक अक्षर मांडत जातो. मोडी हे नाव ‘मोडणे’वरून आलं असं मानतात. फारसी कारकुनांच्या धावत्या वळणाला शिकस्ता म्हणतात, म्हणजे तेही मोडलेलंच. दफ्तरात वेगाने लिहिणाऱ्या माणसांनी दोन्हीकडे आपल्या लिपीला सारखंच नाव द्यावं, याची मला मोठी मौज वाटते.

मोडीतही घराणी होती. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती अशी वळणांची नावं आजही जाणकारांच्या तोंडी आहेत. पुण्याचं पेशवे दफ्तर आणि तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय इथले मोडी कागद चाळताना लिहिणाऱ्याचा हात ओळखू येतो, तो घाईत होता की निवांत तेही. बालबोधाची शिस्त वेगळी. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं कसं असावं, ओळी कशा धराव्यात, कागदाला कडा किती सोडाव्यात, सगळं त्यात आहे. सतराव्या शतकातलं इतकं व्यावहारिक मुद्राक्षरशास्त्र मराठीत दुसरं माझ्या पाहण्यात नाही.

आणि आता बेहाल्याकडे परत येतो, कारण मोडीची छापील गोष्ट इथून फार लांब घडलेली नाही. बेहाल्यातल्या बडिशाला सावर्ण रायचौधुरी या जमीनदार घराण्याचा आठचाला मंडप आहे. 10 नोव्हेंबर 1698 रोजी सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर ही तीन गावं 1300 रुपयांना इंग्रजांच्या हाती गेली तो फारसी कागद इथे झाला असं सांगतात. पुढे शंभर वर्षांनी हुगळीच्या पलीकडच्या तीरावर, वरच्या अंगाला, डेन्मार्कवाल्यांच्या श्रीरामपुरात विल्यम कॅरीने छापखाना घातला. पंचानन कर्मकार तिथे खिळे पाडत होता. 1778 साली हालहेडच्या बांगला व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्सबरोबर बांगला खिळे घडवणारा हाच कारागीर. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवत असे. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्याने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण काढलं, ते देवनागरीत. 1810 मध्ये मराठीचा कोश काढला. त्यातले मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत.

मराठी माणसाच्या धावत्या हस्ताक्षराचा खिळा बंगालमध्ये पडला, हे मला कोलकात्यात आल्यावर कळलं आणि तेव्हापासून मनातून गेलं नाही. ज्या मुलखात ‘बर्गी’ म्हणून आपल्या घोडेस्वारांच्या नावाने पोरांना भीती घालत, त्याच मुलखातल्या लोहाराने आपल्या चिटणिसांचं वळण पोलादात कोरलं! 1812 च्या मार्चमध्ये त्या छापखान्याला आग लागली, खिळे वितळून गोळे झाले. पोलादी ठसे मात्र राखेत शाबूत सापडले, म्हणून काम पुन्हा उभं राहिलं.

पण त्या मोडीची लय खिळ्यात उतरली का? उतरणं शक्य नव्हतं. धातूच्या खिळ्याला चार भिंती असतात. खिळेजुळारी एकेक अक्षर शेजारी शेजारी ठेवतो. वळसा भिंतीपाशी संपतो. मोडी छापील झाली तेव्हा ती चालायची थांबली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग काढलं ते मात्र आधी शिळाछापावर. शिळाछापात लिहिणाऱ्याचा हात दगडावर जसाच्या तसा उतरतो. तो हस्ताक्षराचा खरा छापखाना. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने देवनागरी खिळ्याला जी टापटीप दिली तिच्यासमोर हस्ताक्षर घरगुती वाटू लागलं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळा-कचेऱ्यांतून उठली. नागरी खिळ्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण आपल्या धावत्या वळणाचा वारसदार त्यांच्यात शोधू नये.

उर्दूवाल्यांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांनी खिळ्याला शरण जायचंच नाकारलं. कातिब हाताने लिहीत आणि ते छापलं जाई. चेन्नईचं ‘मुसलमान’ हे 1927 पासूनचं दैनिक त्याच परंपरेतलं. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक आणला तेव्हा 20,000 हून अधिक जोडरूपं हाताने लिहून संगणकात भरली होती. अक्षर मोडून खिळ्यात बसवण्यापेक्षा यंत्रालाच वाकायला लावलं. इतका हट्ट आपण केला नाही.

बंगालने काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. बांगलात शिरोरेघेला मात्रा म्हणतात, आणि काही अक्षरांना ती नसतेच. त्यामुळे बारीक बांगला अक्षराला श्वास घ्यायला आपोआप जागा मिळते. त्यात रवींद्रनाथांचं हस्ताक्षर. त्यांचं ‘लेखन’ हे पुस्तक 1927 मध्ये त्यांच्याच अक्षरात छापलं गेलं, आणि आजही बंगाली घरांत ‘तुझं अक्षर अगदी रवींद्रनाथांसारखं’ ही स्तुती असते. सत्यजित राय सिनेमाकडे वळण्याआधी डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत होते, सिग्नेट प्रेसची मुखपृष्ठं करत होते; पुढे त्यांनी रोमन लिपीत रे रोमन, रे बिझार, डॅफनिस आणि हॉलिडे स्क्रिप्ट असे चार फॉन्ट केले. चौथ्याच्या नावातच सुट्टी आहे आणि अक्षरांतही. पूजेच्या दिवसांत बेहाल्यातल्या मांडवांच्या फलकांवर रायबाबूंच्या वळणाचे नातू-पणतू अजून भेटतात. खाली डायमंड हार्बर रोड, वर 2022 च्या डिसेंबरअखेर उद्घाटन झालेली मेट्रो, आणि खांबाखांबांवर कुंचल्याने लिहिल्यासारखी दिसणारी, पण बहुतेक संगणकातून निघालेली बांगला अक्षरं.

आपल्याकडे हाताची बाजू लढवली ती नाटकांच्या जाहिरातींनी. कमल शेडगे यांनी वृत्तपत्राच्या दोन स्तंभांत नाटकाचं नाव असं लिहिलं की तिकीट काढण्याआधीच नाटकाचा सूर कळावा. ते फॉन्ट नव्हतेच; दर नावाला नवं अक्षर. र. कृ. जोशी दुसऱ्या टोकाचे. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिक्षक, आणि विंडोजवर वर्षानुवर्षं वापरला गेलेला मंगल फॉन्टही त्यांचाच. मंगल नाजूक नाही, पण लिपी संगणकाने कशी समजून घ्यायची याचा पाया त्यांच्यासारख्यांनी घातला नसता तर हस्ताक्षरी फॉन्टाची गोष्ट सुरूच झाली नसती. अच्युत पालव यांनी जे. जे.तून बाहेर पडल्यावर मोडीचा अभ्यास केला आणि मोडी व देवनागरी यांच्या मिलाफातून मुक्तलिपी घडवली. माझ्या मते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी धावत्या अक्षराकडे कोणी गंभीरपणे वळून पाहिलं असेल तर ते इथे. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

युनिकोड आल्यावर सगळं पुन्हा बदललं. इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम हा बॉलपेनने भरभर लिहिल्यासारखा फॉन्ट, देवनागरी आणि लॅटिन दोन्ही हात एकाच माणसाचे वाटावेत असा. तो तलम नाही, पण प्रामाणिक आहे. वहीच्या पानावरचा आहे आणि तसाच वागतो. हस्ताक्षरी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक फॉन्टांत मात्र एक लॅटिन फॉन्ट घेऊन त्याच्या तुकड्यांतून देवनागरी शिवलेली दिसते. ते कोणते, हे मी सांगत नाही. पुस्तक वाचल्यावर तुमचे तुम्हाला दिसतील.

मोडी 2014 च्या जूनमध्ये युनिकोडच्या 7.0 आवृत्तीत आली. म्हणजे संगणकाला ती आता अधिकृतपणे ठाऊक आहे. शेजारचं अक्षर पाहून रूप बदलण्याची सोयही आजच्या फॉन्टांत आहे. धातूच्या खिळ्याला जे जमलं नव्हतं ते श्रीरामपूरनंतर दोनशे वर्षांनी जमण्यासारखं झालं आहे: रेघ आधी ओढलेली, अक्षरं तिच्यावरून पळणारी. तंत्र तयार आहे. लिहिणारा हात मात्र दुर्मीळ झाला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी आणि बांगला यांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या गल्लीत दोन्ही भाषांचे अभिनंदनाचे फलक लागले. बांगला फलकावर हाताचं वळण होतं. मराठी फलकावर शिरोरेघ फाटली होती.

या पुस्तकात मी काय केलंय ते थोडक्यात. गेली काही वर्षं जमवलेले नमुने आहेत: मोडी पत्रं, शिळाछापाची पानं, लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, आणि घरोघरच्या बायकांच्या पाककृतींच्या वह्या. या वह्यांतलं अक्षर मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं, कारण ते कोणाला दाखवायला लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक नमुन्यात हात कुठून निघाला, कुठे उचलला, रेघ कधी ओढली, हे बाणांनी दाखवलं आहे. त्यावरून फॉन्ट कसा बांधावा आणि छापखान्यात तो कसा वापरावा, याचा विचार पुढे येतो. कोणता फॉन्ट कुठून उतरवून घ्यावा याची यादी नाही. अशा याद्या वर्षभरात शिळ्या होतात.

वापरण्याबद्दल मात्र दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण प्रस्तावना सगळेच वाचतात असं प्रकाशक म्हणतात. नाजूक अक्षर नावाला द्या, पत्त्याला देऊ नका. मुहूर्त, फोन नंबर, कार्यालयाचं नाव साध्या अक्षरात ठेवा. पाहुणा रिक्षातून वाचणार आहे. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. ओळ भरायची असेल तर शब्दांमधलं वाढवा. सोनेरी फॉइल लावणार असाल तर एक प्रत आधी काढून बघा: केसाएवढी रेघ एकतर उठतच नाही, किंवा उठली तर ‘ष्ठ’चं पोट भरून जातं आणि ‘ज्येष्ठ कन्या’ डाग होऊन बसते. आणि फॉन्ट विकत घेण्याआधी त्यात चार शब्द टाइप करा: कऱ्हाड, दुसऱ्या, ज्येष्ठ, ॲड. मराठी ल आणि श हिंदीहून वेगळे वळतात, तेही बघा. या परीक्षेत नापास झालेला फॉन्ट कितीही देखणा असो, तो मराठीचा नाही.

वाचकाला एक विनंती. पान उलटण्याआधी बोरू मिळाला तर बोरू, नाहीतर आईस्क्रीमची चपटी काडी तिरपी कापून शाईत बुडवा. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढा. मग त्या रेघेखाली, हात न उचलता जमेल तितकं, आपल्या गावाचं नाव लिहा. आता दुसरीकडे तेच नाव शाळेत शिकवलं तसं लिहा, रेघ शेवटी. दोन्ही कागद जवळ ठेवा. पुस्तक वाचताना पुन्हा पुन्हा लागतील.

बेहाला, कोलकाता